घराचं दार कुठल्या दिशेला

५ मार्च, मंगळवार

चहाडी! कोणीतरी आमची चहाडी केलीय, तीही थेट शिक्षण खात्याच्या कचेरीत!

सकाळी धक्क्यावरच्या चौकीदाराने हाका मारून नवऱ्याला बोलावलं. हा होडकं वल्हवत गेला आणि कागद घेऊन आला. बंदरात नांगरलेल्या शिडाच्या बोटीवर दोन मुलं शाळेविना राहत असल्याचं कळलं आहे, येत्या मंगळवारी मुलांना घेऊन तपासणीस यावं. शाळेविना! म्हणजे रोज सकाळी आवराआवर झाल्यापासून जेवणापर्यंत मी काय या दोघांबरोबर गोट्या खेळते? चार वर्षं झाली, एक दिवस खाडा नाही. धाकट्याला गोवर झाला तेव्हासुद्धा पाढे म्हणवून घेतले होते, बिचारा ठिपक्याठिपक्यांचा बसून म्हणत होता.

तपासणीत मुलं कच्ची निघाली तर इथल्याच शाळेत घालायची. वर्षभर! आणि आम्ही इथे थांबलोत कशासाठी, तर फाटलेलं शीड शिवून येण्यासाठी. महिनाअखेर वारा फिरायच्या आत निघालो नाही तर पुढचं सगळं वर्ष या घाणेरड्या बंदरात डिझेलच्या वासात कुजायचं.

नवरा म्हणतो, "दाखवू की त्यांना. लपवण्यासारखं काय आहे आपल्याकडे?" याचं हे नेहमीचं. घराला आग लागली तरी म्हणेल, जरा ऊब आली नाही का?

कोण असेल? पलीकडच्या मोटरबोटीवरची ती जाडी? चौकीदार? का आपलेच दात आणि आपलेच ओठ?

६ मार्च, बुधवार

वन्संच! दुसरं कोण असणार? बाजारामागच्या गल्लीत राहतात, कचेरी हाकेच्या अंतरावर. आणि थोरलीवर तर त्यांचा किती दिवसांचा डोळा आहे! "अकरा वर्षांची झाली गं, आता तिला काय त्या डबड्यात ठेवतेस? माझ्याकडे ठेव, माझ्या दोन खोल्या रिकाम्या पडल्यात." डबडं म्हणे. तुमच्या भावाने आठ वर्षं घासून, रंगवून, हाताची साल काढून उभं केलेलं आहे ते डबडं!

फोन केला. गोड बोलून काढून घ्यायचं ठरवलं होतं, पण पहिल्याच वाक्याला गोडवा संपला. म्हटलं, "वन्सं, पाठीमागून वार करण्यापेक्षा समोर येऊन बोलायचं होतं." त्या म्हणाल्या, "अगं कसला वार? मी कुठेही गेले नाही." म्हटलं, मग कचेरीला काय स्वप्न पडलं? तर म्हणतात कशा, "मी नाही सांगितलं. पण ज्याने सांगितलं त्याने वाईट नाही केलं."

झालं! चोराच्या मनात चांदणं. मी फोन ठेवला. आदळला असता, पण मोबाईल आदळता येत नाही, हीसुद्धा एक पंचाईतच.

थोरली समोरच बसून अपूर्णांक सोडवत होती. म्हणाली, "आई, आत्या खोटं नाही बोलत." म्हटलं, तू गणितं कर.

९ मार्च, शनिवार

तयारी जोरात. दोघांना सगळी उजळणी करायला लावतेय. धाकट्याच्या वह्या काढून बसले आणि घामच फुटला. अक्षर! गेल्या वर्षीच्या मोठ्या प्रवासातल्या वहीत एक पान डावीकडे कललेलं, पुढची दहा उजवीकडे, मधेच एक ओळ जी पानाबाहेर गेली ती थेट टेबलावर. तेव्हा बोटच कललेली होती, पोरगं बिचारं सरळ लिहीत होतं! नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण आमचं अंगण खरोखरच वाकडं असतं त्याला काय करायचं? त्या वहीवरून मी सांगू शकते कुठल्या दिवशी वारा कसा होता. तपासणीच्या साहेबांना हे समजावणार कोण?

नवरा म्हणे, "पुसून पुन्हा लिहून घे." मुळीच नाही. आहे ते दाखवणार.

भूगोल उत्तम आहे दोघांचा. हाताने नकाशे काढतात. भरती-ओहोटीच्या वेळांची वजाबाकी धाकटा तोंडी करतो. इतिहास मात्र थोडा मागे पडला. मला स्वतःलाच तो आवडत नाही, हे खरं कारण. मटार सोलता सोलता एक अख्खं राजघराणं उरकलं आज.

थोरली पाणी भरायला धक्क्यावर गेली ती दोन कॅन भरून यायला इतका वेळ! विचारलं तर म्हणे, नळाला रांग होती. शनिवारी कुठली आलीय रांग? पण सोडून दिलं. आधीच सगळ्यांचं डोकं फिरलेलं.

१० मार्च, रविवार

नवऱ्याने दोघांना पोहायला नेलं. परवा परीक्षा आणि हे पोहतायत!

१२ मार्च, मंगळवार

मला लिहिताना अजून दातओठ खावेसे वाटतायत.

कचेरी पहिल्या मजल्यावर. खाली छपाईचं दुकान, जिन्यात शाईचा वास. वरच्या खोलीत चार लोखंडी कपाटं, एकाचं दार बंद होत नाही म्हणून त्याला खुर्ची टेकवलेली. त्या खुर्चीवर मी बसायला गेले तर कारकून ओरडली, "ती नका हलवू!" म्हणजे ही यांची व्यवस्था, आणि हे आमची तपासणार.

साहेब वयाने लहानच. चाळिशीही नसेल. बूट चकचकीत. मुलांना एकेक करून आत घेतलं आणि मला म्हणाले, "ताई, तुम्ही बाहेर थांबा." का म्हणून? मी शिक्षिका आहे त्यांची! "म्हणूनच," म्हणाले.

थोरली गेली आणि हसतमुखाने आली. मग धाकटा. तो आला तो गोंधळलेला. जिन्यातच विचारलं, काय विचारलं रे? तर म्हणतो, "आई, त्यांना माहीतच नव्हतं काय विचारायचं ते."

झालं ते असं. साहेबांनी विचारलं, तुझ्या घराचं दार कुठल्या दिशेला आहे? धाकट्याने विचारलं, "आत्ता?" साहेब म्हणाले, "आत्ता म्हणजे काय, घराचं दार." हा म्हणाला, "इथून दिसत नाही. खिडकीतून वारा बघू का?" साहेबांनी नाही म्हटलं. तर हा म्हणाला, "मग सांगता येणार नाही. सकाळी पश्चिमेला होतं."

बरोबर! शंभर टक्के बरोबर! नांगर टाकलेली बोट वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते, केबिनचं दार मागच्या बाजूला, म्हणजे वारा जिकडे चालला तिकडे दार. वारा फिरला, भरती फिरली की दार फिरणारच. सात वर्षांच्या पोराला हे समजतं, आणि साहेबांनी शेऱ्यात काय लिहिलं? कागद घ्यायला आत गेले तेव्हा मी उलटं वाचलं टेबलावरून. "दिशाज्ञान नाही." दिशाज्ञान नाही! हातात होकायंत्र घेऊन रांगलेलं पोर आहे ते!

तळपायाची आग मस्तकात गेली. थोरलीला म्हटलं, तुलाही विचारलं का दाराचं? हो म्हणाली. काय सांगितलंस? "पूर्व." अगं पण कशावरून? आज तर वारा... तर म्हणे, "त्यांना एकच दिशा हवी होती, आई."

आम्ही निघताना साहेब काय म्हणाले तर, "मुलगी तुमची अगदी शाळेतल्या मुलीसारखी उत्तरं देते." मोठं कौतुक केल्यासारखं! माझ्या मुलीला शाळेतली म्हणायची काय गरज? माझी मुलगी माझ्यासारखी उत्तरं देते.

१३ मार्च, बुधवार

निकाल आला. थोरली उत्तीर्ण. धाकटा अनुत्तीर्ण. पण नियम असा आहे म्हणे की एका घरातली दोन मुलं वेगवेगळी ठेवता येत नाहीत, तेव्हा दोघांनाही एक एप्रिलपासून शाळा. एकाच्या दारापायी दोघांना वनवास!

नवऱ्याला वाचून दाखवलं तर तो हसला. हसला! "सकाळी पश्चिमेला होतं" हे त्याला इतकं आवडलंय की दोनदा म्हणवून घेतलं धाकट्याकडून. मी म्हटलं, हस, वर्षभर हसत बस इथे नांगराच्या साखळीला गंज धरेपर्यंत. मग तो म्हणाला, "अगं, एक वर्ष राहिलो तर एवढं काय बिघडणार आहे?"

एवढं काय बिघडणार! सगळं घर विकून, सगळ्यांच्या नाकावर टिच्चून निघालो होतो कशासाठी? लोक तोंडावर म्हणाले होते, पोरांचं वाटोळं कराल. आता त्या सगळ्यांना आनंदाचे उमाळे येतील. वन्सं तर नारळ फोडतील.

नवरा डेकवर जाऊन दोऱ्या गुंडाळत बसला. त्याला राग आला की तो दोऱ्या गुंडाळतो. आज सगळ्या बोटीवर एक दोरी सुटी राहिली नाही.

१५ मार्च, शुक्रवार

एकटीच गेले कचेरीत. वह्या घेऊन, सगळ्या, पिशवी फाटेपर्यंत. कारकून म्हणाली, साहेब कामात आहेत. म्हटलं, मीही कामात आहे, बसते. ती टेकवलेली खुर्चीच ओढून बसले. दार उघडलं कपाटाचं आणि गठ्ठा खाली. मग साहेब आपोआप बाहेर आले.

मी म्हटलं, "तुमचा प्रश्न चुकीचा होता." ते म्हणाले, "ताई, हाच प्रश्न सगळ्या मुलांना विचारतात." म्हटलं, सगळ्या मुलांची घरं एका जागी ठोकलेली असतात. त्यांनी पुन्हा शांतपणे सांगितलं की मुलगा चूक आहे असं ते म्हणत नाहीत, पण उत्तरात चार दिशा आहेत, "आत्ता" ही पाचवी दिशा नाही.

मी म्हटलं, "साहेब, बोटीवर येऊन बघा. आणि मग तुम्हीच सांगा माझ्या घराचं दार कुठे आहे."

मला वाटलं हाकलून देतील. ते जरा वेळ वही चाळत बसले. ती तिरक्या अक्षराचीच. मग म्हणाले, "हे असं का लिहिलंय?" म्हटलं, त्या दिवशी वादळ होतं. पान उलटलं. "आणि हे?" त्या दिवशी वारा पडला होता, बघा, एकदम सरळ. त्यांनी आणखी पाचसहा पानं उलटली. मग म्हणाले, "सोमवारी येतो. पण मला पाणी लागतं हं, आधीच सांगतो."

पाणी लागतं म्हणजे बोट लागते. बिचारे. बिचारे कसले!

१६ मार्च, शनिवार

डेक घासला. केबिन घासली. नवरा घासून व्हायचा राहिलाय फक्त.

१८ मार्च, सोमवार

आले! होडक्यात पाय टाकतानाच चकचकीत बूट भिजले. धाकट्याने हात दिला आणि म्हणाला, "मधे बसा, कडेला नको, आपण उलटू." साहेब मधे बसले ते बोटीवर येईपर्यंत श्वास न घेता.

केबिनमध्ये बसवलं. साहेबांचा चेहरा पांढराफटक. मी चहा केला. ते दारातून बाहेर बघत होते, कोणीतरी सांगितलं असेल की लांब बघितलं म्हणजे मळमळत नाही. दारातून तेव्हा गोदामाची पत्र्याची भिंत दिसत होती. धाकट्याने टेबलावर होकायंत्र आणून ठेवलं. कोणी सांगितलं नव्हतं त्याला. म्हणाला, "आत्ता दक्षिण." बस्स, एवढंच बोलला आणि बिस्किटं खात बसला.

मग साहेबांनी त्याची पुन्हा परीक्षा घेतली. वाचन, गणित, थोडा इतिहास (तेवढं राजघराणं मटारांसकट पाठ होतं, देव पावला). थोरली वर डेकवर वाचत बसली होती. तिची परीक्षा नव्हतीच. तरी साहेबांनी तिला खाली बोलावून विचारलं, "तुला इथे आवडतं का गं?" ती माझ्याकडे बघून म्हणाली, "हो. आवडतं." बघा! मी मनात म्हटलं, ऐकलंत?

दुसरा कप होईस्तोवर भरती फिरली. साहेबांनी सहज मान वर केली आणि दारात दीपगृह! गोदाम गायब. ते दचकलेच. उठून उभे राहिले, डोकं आपटलं छताला, पुन्हा बसले. "आपण निघालो का?" म्हणाले. नवरा म्हणाला, "नाही हो, घर फिरलं." धाकटा म्हणाला, "आत्ता पूर्व." मला बोलायची गरजच राहिली नव्हती! असा दिवस माझ्या आयुष्यात फार वेळा येत नाही.

जाताना साहेब धक्क्यावर चढले आणि खांबाला धरून उभे राहिले. म्हणाले, "शेरा बदलावा लागेल. शुक्रवारी कळवतो."

२२ मार्च, शुक्रवार

परवानगी!! दोघांना, वर्षभराची! धाकट्याच्या शेऱ्यात लिहिलंय, "दिशाज्ञान परिस्थितीनुसार उत्तम." मी ते चार वेळा वाचलं. नवऱ्याने मला उचललं आणि छताला माझंही डोकं आपटलं, पण आज काही लागत नाही.

वन्संना फोन करून सांगणार होते, मुद्दाम, ठणकावून. नवरा म्हणाला, "राहू दे गं, जिंकलीस ना?" राहू दिलं. पण त्यांना कळेलच. बसा म्हणावं आता रिकाम्या खोल्या झाडत.

धाकटा डेकवर नाचला. थोरली म्हणाली, "बरं झालं." आणि भांडी घासायला घेतली, न सांगता! दमली असेल पोर, तिच्यावरही किती ताण होता या सगळ्याचा. मी जवळ घेतलं तर म्हणाली, "मग कधी निघायचं?" म्हटलं, शीड आलं की लगेच. "बरं," म्हणाली पुन्हा.

एवढ्या मोठ्या विजयाला नुसतं बरं!

२५ मार्च, सोमवार

शीड आलं. शिवण इतकी सुबक की हात फिरवत बसावंसं वाटतं. उद्या बांधायचं, परवा निघायचं.

एकच काम उरलं होतं. परवानगीवर जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेची सही लागते. धक्क्यामागेच शाळा, पाण्याच्या नळाला लागून भिंत. मान ताठ ठेवून गेले. म्हटलं, बघू दे या बाईलाही, तिच्या शाळेवाचून कोणाचं अडत नाही ते.

बाई पन्नाशीच्या. टेबलावर हरवलेल्या डब्यांचा आणि टोप्यांचा ढीग. कागद वाचला, सही केली. मग चष्मा काढून म्हणाल्या, "म्हणजे येणार नाही ती?"

म्हटलं, कोण ती?

"तुमची मुलगी. दोन वेण्या, हातात पाण्याचे कॅन." मला समजेना. बाई म्हणाल्या, "मधल्या सुट्टीत फाटकाशी उभी असायची. मुली खेळायच्या ते बघत. एक दिवस आत आली आणि मला विचारलं, इथे यायचं असेल तर कोणाला सांगावं लागतं? एवढंसं तोंड करून. मी नाव विचारलं, पत्ता विचारला. बोट म्हणाली. आता शाळेत नसलेलं मूल समोर आलं की मला खात्याला कळवावंच लागतं हो. मला वाटलं तुम्हीच पाठवलंय तिला."

मी हो म्हटलं की नाही म्हटलं, आठवत नाही. बाई म्हणत होत्या, पाचवीत खिडकीजवळचा बाक तिने स्वतः निवडला होता, अजून कोणाला दिलेला नाही.

सही केलेला कागद हातात घेऊन नळापाशी उभी राहिले. सुट्टी झाली होती. केवढा तो आरडाओरडा! मी गेले तीन आठवडे तोच आवाज ऐकतेय बोटीवरून आणि म्हणतेय, काय ही कटकट.

चहाडी म्हणे.

२६ मार्च, मंगळवार

सकाळी नवरा आणि धाकटा शीड बांधत होते. थोरलीला घेऊन पुढच्या टोकाला बसले आणि विचारलं. नाही म्हणाली नाही ती. माझ्या डोक्यात सगळी वाक्यं तयार होती, का लपवलंस, आत्याला शिव्या देत होते तेव्हा गप्प का बसलीस, साहेबांना तोंडावर "आवडतं" असं का म्हणालीस. त्यातलं एकच विचारलं. मला आधी का नाही सांगितलंस?

म्हणाली, "तू माझ्यासाठीच भांडत होतीस ना सगळ्यांशी. मग मधेच कसं सांगू, की ती मीच?"

मी उठले आणि नवऱ्याला हाक मारली, थांब, ते शीड आत्ता बांधू नकोस!